डाकार ते बामाको : एका अंतराचा इतिहास

भूगोलाच्या पुस्तकांत दोन शहरांमधील अंतर एका आंकड्यांत सांगून टाकण्याचा प्रघात आहे. आणि विमान-कंपन्यांनीं त्या आंकड्याला तास-मिनिटांची जोड दिल्यापासून तर त्याविषयीं अधिक विचार करण्याचें कारणच उरलें नाहीं, असें सामान्यतः समजलें जातें. पश्चिम आफ्रिकेंतील डाकार आणि बामाको हीं दोन शहरें घ्या. पहिलें सेनेगलची राजधानी, अटलांटिक महासागरांत घुसलेल्या भूशिराच्या टोंकावर वसलेलें. दुसरें माली देशाची राजधानी, समुद्रापासून पुष्कळ आंत, नायजर नदीच्या कांठीं पसरलेलें. दोहोंमधील सरळ अंतर सुमारें १०४५ किलोमीटर भरतें, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या हवाई अंतरापेक्षां थोडें कमीच. आणि थेट विमानाला तें तोडावयास पावणेदोन तासांच्या आसपास वेळ लागतो. दोन्ही शहरांचीं घड्याळें ग्रिनिचच्या वेळेनें चालतात. सूर्य बामाकोच्या माथ्यावर डाकारच्या सुमारें ३८ मिनिटें आधीं येत असला, तरी प्रवाशाला मनगटावरचा कांटा देखील फिरवावा लागत नाहीं.

हिशेब येथेंच संपत असता तर लेखणी हातीं घेण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु गेल्या सव्वादोनशें वर्षांत या अंतरांत एका वितीचाहि फरक पडलेला नसतां, त्याला लागणारा वेळ महिन्यांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून तासांवर आला. इतकेंच नव्हे, तर दोन वेळां असें घडलें कीं, एकदां रूळ जागच्या जागीं असतां आणि एकदां विमानें जागच्या जागीं असतां, एका शहरांतून दुसऱ्या शहरीं जाण्याची सरळ वाटच बंद पडली. यंत्रांच्या सुधारणेनें वेळ वाचतो ही समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. हा वेळ कोणीं, कशासाठीं व कोणाच्या जिवावर कमी केला, आणि कोणाच्या भांडणानें तो पुन्हां वाढला, हें पाहिल्याखेरीज वरील आंकड्याचा अर्थ लागत नाहीं.

रेल्वेपूर्वीच्या काळाची कल्पना येण्यास मंगो पार्क या स्कॉच प्रवाशाचा वृत्तान्त फार उपयोगी पडतो. त्या वेळीं डाकारचें शहर वसलें नव्हतें. समुद्राकडून आंत शिरण्याची एक रुळलेली वाट गँबिया नदीवरून होती. डिसेंबर १७९५ मध्यें पार्क त्या नदीवरील पिसानिया येथून निघाला व जुलै १७९६ मध्यें सेगू शहराजवळ त्याला नायजर नदीचें पाणी प्रथम दिसलें. मध्यंतरीं मूर लोकांच्या कैदेंत त्याचे कांहीं महिने गेले होते. परतीच्या वाटेवर, ऐन पावसाळ्यांत, तो बामाकोस आला. तें त्या वेळीं मध्यम आकाराचें, पण मिठाच्या व्यापारानें सधन झालेलें गांव होतें. पुढें आजारानें व पुरानें अडकून पडलेला हा मनुष्य कामालिया नांवाच्या खेड्यांत कार्फा तौरा या व्यापाऱ्याच्या आश्रयानें राहिला, आणि अखेरीस त्याच व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर १९ एप्रिल १७९७ रोजीं निघून १० जून रोजीं पिसानियास पोहोंचला. म्हणजे नायजरच्या खोऱ्यापासून गँबियापर्यंत ५२ दिवस लागले.

हा तांडा गुलामांचा होता. मानेला दोर बांधून, डोक्यावर ओझें देऊन त्यांना समुद्राच्या दिशेनें चालविण्यांत येत होतें. त्यांतल्या नीली नांवाच्या एका स्त्रीची हकीकत पार्कनें नोंदून ठेविली आहे. ती अन्न घेईना; पुढें तिच्यानें चालवेना; चाबकाचे फटकारे झाले, गाढवावर घालून पाहिलें, आणि कशाचाच उपयोग होईना तेव्हां तिला वाटेंत टाकून तांडा पुढें गेला. त्या ५२ दिवसांचा हिशेब करतांना पार्कला लागलेले दिवस, कार्फाला लागलेले दिवस आणि नीलीनें चाललेले दिवस हे एकाच मापाचे धरावे काय, असा प्रश्न आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. प्रवासाचा वेळ म्हणून जो आंकडा आपण लिहितों तो बहुधा पोहोंचलेल्यांचा असतो.

पार्कची दुसरी सफर याहून भयंकर ठरली. १८०५ सालीं एप्रिलच्या अखेरीस चाळीसेक गोऱ्या लोकांना घेऊन तो गँबियाकडून निघाला. पावसाळा तोंडावर आलेला होता. ताप व अतिसार यांनीं वाटेंत एकामागून एक माणसें पडूं लागलीं, आणि १९ ऑगस्ट रोजीं बामाकोजवळ नायजर दृष्टीस पडली तेव्हां त्यांतले अकराच गोरे उरले होते. चार महिन्यांहून कमी काळांत हा मार्ग तोडला, असें नकाशावर लिहितां येईल. पण तीन चतुर्थांश मंडळींना तो तोडतां आला नाहीं. या वाटेवर पावसाळा हा एक स्वतंत्र राजा होता. स्थानिक व्यापारी त्याची मर्जी सांभाळून कोरड्या दिवसांत चालत. घाई करणारा परका मनुष्यच त्याच्या तडाख्यांत सांपडे.

फ्रेंचांनीं या वेळावर हात घातला तो मात्र व्यापाऱ्याच्या बेताबेतानें नव्हे. १८५७ सालीं त्यांनीं डाकारचा कबजा घेतला. परंतु सेनेगलमधील त्यांचें मुख्य ठाणें अद्याप उत्तरेस, सेनेगल नदीच्या मुखाशीं असलेलें सें-लुई हेंच होतें. सें-लुईला चांगलें बंदर नाहीं आणि डाकारला नदी नाहीं, अशी अडचण होती. तेव्हां दोहोंना जोडणारी २६४ किलोमीटरांची रेल्वे काढण्यांत आली व ती १८८५ सालीं पुरी झाली. हा रस्ता कायोर राज्याच्या मधून जात होता. तेथील राजा लात दिओर यानें १८७९ सालीं रेल्वेचा करार मान्य केला होता. पण रूळ म्हणजे केवळ वाहतूक नसून त्यांच्या मागोमाग फौज येते, हें ध्यानांत येतांच त्यानें विरोध आरंभिला आणि १८८६ च्या ऑक्टोबरांत लढाईंत तो मारला गेला. त्याच्या मलाव नांवाच्या घोड्यानें आगगाडी कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं, अशी कथा सेनेगलांत सांगतात. राजांच्या बखरींत घोड्याला मान देण्याची चाल आम्हां मराठी वाचकांना अपरिचित नाहीं.

दुसरीकडे, आंतील मुलखांत, याहून विलक्षण उद्योग चालला होता. सेनेगल नदीवरील कायेस या गांवापर्यंत पावसाळ्याच्या पुराबरोबर मोठीं गलबतें चढत. त्याच्या वरच्या अंगाला फेलूचा धबधबा असल्यामुळें पुढें जलमार्ग नाहीं. फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचा बेत असा होता कीं, कायेसपासून नायजरपर्यंत रूळ टाकावे, म्हणजे एका नदीचें टोंक दुसऱ्या नदीला जोडलें जाईल आणि नायजरवरील सगळा मुलूख हाताखालीं येईल. १८८१ सालीं कामास आरंभ झाला. १८८३ च्या फेब्रुवारींत बोर्नी-देबोर्द या अधिकाऱ्यानें बामाकोस पोहोंचून किल्ला बांधावयास घेतला, परंतु रूळ कायेसच्या आसपासच घोटाळत होते. मोरोक्को व चीन येथूनहि मजूर आणविले गेले. तापानें त्यांतले पुष्कळ दगावले. पैसा अपुरा पडला, पॅरिसच्या विधिमंडळानें हात आंखडला, आणि १८८८ सालीं गाडी कशीबशी बाफुलाबेपर्यंत गेली. तेथून पुढें सोळा वर्षांनीं, १९०४ च्या डिसेंबरांत, ती बामाकोवरून नायजरवरील कुलिकोरो येथें पोहोंचली. सुमारें ५५० किलोमीटरांना २३ वर्षें लागलीं. सक्तीनें धरून आणलेल्या माणसांनीं हें काम केलें, आणि या रुळांवरून पहिल्यानें जो माल गेला त्यांत दारूगोळा व शिपाई यांचाच भरणा अधिक होता.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्यांनीं ही रेल्वे बांधली त्यांच्या डोळ्यांपुढें डाकार-बामाको असें कांहीं अंतर नव्हतेंच. एक रस्ता समुद्रकांठच्या दोन ठाण्यांना जोडी, दुसरा दोन नद्यांना जोडी, आणि मधली गांठ नदीच्या पुरावर अवलंबून असे. वर्षाचे दोन-तीन महिने कायेसला गलबतें लागत; एरव्हीं भुईमुगाचीं पोतीं कोठारांत आणि प्रवासी ओट्यावर. हा मधला खंड भरून काढण्यासाठीं १९०७ मध्यें डाकारजवळच्या थिएसपासून कायेसपर्यंत ६६७ किलोमीटरांचा मार्ग घेण्यांत आला. महायुद्धानें तोहि रखडविला. १९२३ च्या अखेरीस तो पुरा झाला तेव्हां कोठें डाकारला गाडींत बसलेला मनुष्य १२२८ किलोमीटरांवरील बामाकोस उतरूं शकला. आपल्याकडील मीटर गेजच्याच मापाचा हा एकेरी रस्ता. गाडी दिवसरात्र चालली तरी एका दिवसांत पोहोंचण्याची सोय नव्हती. परंतु पार्कचे महिने आतां इतिहासजमा झाले होते.

योगायोग असा कीं, भूमीवरची ही गांठ बसते न बसते तोंच आकाशांतली वाट उघडली. जून १९२५ मध्यें तुलूझहून कासाब्लांकामार्गें डाकारपर्यंत विमानाची टपाल सुरू झाली. आणि १९३० च्या मे महिन्यांत झां मेर्मोज यानें सें-लुईहून टपालाच्या थैल्या घेऊन सुमारें २१ तासांत अटलांटिक ओलांडून ब्राझीलचा किनारा गांठला. म्हणजे समुद्रापलीकडचें खंड डाकारच्या अंगणांतल्या कायेसपेक्षां फारसें लांब राहिलें नाहीं! टपालाच्या थैलीला जी गति मिळाली ती आंतल्या शेतकऱ्याच्या पोत्याला मिळाली नाहीं, हें सांगावयास नकोच. ज्या दिशेनें साम्राज्याचें काम असेल त्या दिशेनें वेळ आटतो, हा त्या काळचा अनुभव होता. आणि साम्राज्याचें काम पॅरिसशीं असे, बामाकोशीं त्या मानानें थोडें.

तथापि रेल्वेनें तिच्या मालकांच्या कल्पनेंत नसलेली एक गोष्ट करून ठेविली. डाकार, थिएस, कायेस, बामाको येथील कारखान्यांत, इंजिनांवर आणि स्टेशनांत काम करणारीं माणसें निरनिराळ्या भाषा बोलणारीं, पण एकाच शिटीवर उठणारीं होतीं. १० ऑक्टोबर १९४७ रोजीं फ्रेंच पश्चिम आफ्रिकेंतील रेल्वे-कामगारांनीं इब्राहिमा सार यांच्या पुढारीपणाखालीं संप पुकारला. गोऱ्या व काळ्या नोकरांसाठीं वेगळाल्या श्रेणी नसाव्या, सर्वांना एकच श्रेणी असावी, ही त्यांची मुख्य मागणी. डाकार-नायजर मार्गावर हा संप १९ मार्च १९४८ पर्यंत, पांच महिन्यांहून अधिक काळ, चालला. एरव्हीं दीड-दोन दिवसांत कापलें जाणारें अंतर या पांच महिन्यांत पुन्हां जुन्या काळाइतकें लांबलें. परंतु तें दुसऱ्या कोणीं लांबविलें नव्हतें, ज्यांच्या हातीं इंजिनाचा दांडा त्यांनींच हात काढून घेतला होता. सेंबेन उस्मान यांनीं या संपावर फ्रेंचमध्यें लिहिलेली ‘देवाच्या लाकडी काटक्या’ अशा अर्थाच्या नांवाची कादंबरी १९६० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत कथा बामाको, थिएस व डाकार या तिन्ही ठिकाणीं आलटून पालटून चालते. डाकार व बामाको हीं एकाच कथेंतलीं दोन घरें आहेत असें त्या पुस्तकावरून वाटतें. आणि ज्या सालीं तें निघालें त्याच सालीं त्या घरांच्या मध्यें भिंत उभी राहिली.

ही भिंत कशी उभी राहिली तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. फ्रेंच राज्य जाणार हें दिसूं लागतांच त्याच्या पश्चिम आफ्रिकी मुलखाचे तुकडे होऊं नयेत असें ज्यांना वाटत होतें, त्यांनीं १९५९ च्या जानेवारींत डाकार येथें माली संघराज्याचा पाया घातला. माली हें नांव मध्ययुगांतील एका बलाढ्य साम्राज्याचें. आरंभीं चार मुलूख एकत्र आले, पण दोघांनीं लौकरच अंग काढून घेतलें, आणि उरले ते सेनेगल व फ्रेंच सुदान. (नाईलकांठच्या सुदानाशीं याचा संबंध नाहीं, बामाको ज्याची राजधानी तो हा मुलूख.) या दोहोंना एकत्र ठेवणारें खरें बंधन कोणतें म्हणाल तर तीच एकेरी रेल्वे. सुदानचा भुईमूग तिच्यावरून डाकारच्या बंदराला जाई आणि डाकारचें कापड, साखर, सिमेंट तिच्यावरून बामाकोस येई. २० जून १९६० रोजीं संघराज्य स्वतंत्र झालें. संघ-सरकारचे प्रमुख सुदानचे मोदिबो केइता. संघाच्या विधिसभेचे अध्यक्ष सेनेगलचे कवि-राजकारणी लेओपोल्ड सेदार सेंगोर.

दोन महिन्यांत सर्व मोडलें. केइतांना एकजीव, घट्ट राज्य हवें होतें. सेनेगलच्या पुढाऱ्यांना सैलसर संघ हवा होता, आणि लोकसंख्येनें मोठ्या असलेल्या सुदानच्या वजनाखालीं आपण दबून जाऊं ही धास्ती त्यांना होती. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची वेळ जवळ आली तसा संशय वाढला. १९ ऑगस्टच्या रात्रीं केइतांनीं सेनेगलचे मामादू दिया यांना संरक्षण-खात्यावरून दूर केलें व आणीबाणी पुकारली. उलट सेनेगली पुढाऱ्यांनीं सशस्त्र पोलिसांच्या साह्यानें शहरांतील मोक्याच्या जागा ताब्यांत घेतल्या, आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीं सेनेगल संघांतून बाहेर पडल्याचें जाहीर करून टाकलें. केइता व त्यांचे सहकारी नजरकैदेंत पडले. मग त्यांना बंद केलेल्या डब्यांच्या आगगाडींत घालून बामाकोकडे पाठविण्यांत आलें.

ऑगस्टचा दमट उकाडा, बंद डबे आणि १२०० किलोमीटर. एका स्वतंत्र राज्याचा प्रमुख आपल्याच राजधानींतून असा रवाना होत होता. ज्या रुळांवरून संघराज्याची कल्पना बामाकोहून डाकारास आली त्याच रुळांवरून ती परत गेली. आणि गाडी सरहद्दीपलीकडे गेल्यावर रूळहि निकामी झाले. दोन्ही राज्यांमधील गाड्या बंद पडल्या. सुदाननें २२ सप्टेंबरला माली हें नांव स्वतःसाठीं घेऊन स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापिलें व आपला माल दक्षिणेस, आबिजानच्या बंदराकडे, मोटारींनीं वळविला. वाट लांब, खर्च मोठा, रस्ते कच्चे. परंतु मानापुढें किलोमीटर मोजण्याची वेळ ती नव्हती. याची सर्वांत जास्त झळ कायेसला लागली. दोन्ही राजधान्यांना निदान दुसऱ्या वाटा शोधतां आल्या. रुळांमुळेंच वाढलेल्या आणि रुळांखेरीज दुसरें साधन नसलेल्या या गांवाला ती सोय नव्हती. १९६३ सालीं समेट झाला आणि गाडी पुन्हां सुरू झाली.

यापुढचीं पंचवीस-तीस वर्षें हीं त्या आगगाडीचीं भरभराटीचीं वर्षें म्हटलीं पाहिजेत. तिच्या वेगामुळें मात्र नव्हे. वेळापत्रकांत दीड दिवस असे, प्रत्यक्षांत दोन, कधीं तीन दिवस लागत. पण प्रत्येक स्टेशनाला बाजार भरे. तांबाकुंदा, किदिरा, कायेस, माहिना, तुकोतो अशा गांवीं डब्यांच्या खिडक्यांखालीं बायका फळें, भाजलेलें मांस, भाताच्या थाळ्या, थंड पाणी घेऊन उभ्या राहत. बामाकोच्या व्यापारी स्त्रिया डाकारहून कापड व सुकी मासळी आणीत आणि आंबे, शेंगा घेऊन जात. गाडी जितकी रेंगाळे तितका या लोकांचा धंदा चाले. बामाको स्टेशनच्या उपाहारगृहांत १९७० सालीं रेल्वेच्याच आश्रयानें ‘रेल बँड’ नांवाचा वाद्यवृंद उभा राहिला. सालिफ केइता आणि मोरी कांते हे पुढें जगप्रसिद्ध झालेले गायक तेथूनच निघाले. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांना गाणें ऐकावयास वेळ असतो, ही गोष्ट वेळ वाचविण्याच्या शास्त्रांत बसत नाहीं. पण पश्चिम आफ्रिकेच्या संगीताचा इतिहास लिहितांना ती गाळतां येणार नाहीं.

२००३ सालीं हा मार्ग दोन्ही सरकारांनीं एका खासगी कंपनीच्या हवालीं केला. कंपनीला मालगाड्यांत नफा दिसला, उतारूंच्या गाड्यांत दिसला नाहीं. तिच्या हिशेबानें तें चूक नव्हतें. लहान स्टेशनें बंद झालीं. ज्या खेड्यांना रस्ता असा नव्हताच, जेथें डॉक्टरापासून पोस्टापर्यंत सर्व कांहीं गाडींतून येई, तेथून गाडी न थांबतां जाऊं लागली. २०१० च्या सुमारास डाकार-बामाको उतारू गाडी थांबली, आणि २०१८ पर्यंत मालीकडील उरलेल्या उतारू गाड्याहि बंद पडल्या. दोन राजधान्यांमधील वेळ याच काळांत विमानानें सर्वांत कमी झालेला होता. म्हणजे दोन टोंकांचा वेळ जसा घटला तसा मधल्या गांवांचा वाढला. कायेसच्या बाजूचा मुलूख हाच फ्रान्सला मजुरीस जाणाऱ्या माली लोकांचें मूळ घर; तेथील किती घरांना आपल्या राजधानीपेक्षां पॅरिसची वाट अधिक पायांखालची झाली असेल!

आतां विमानाचा विचार करूं. तेंहि कोऱ्या आकाशांत उडत नव्हतें. संघ मोडल्यावर मालीनें १९६० सालींच एअर माली ही स्वतःची कंपनी काढून रशियन विमानें घेतलीं. सेनेगल १९६१ सालीं अकरा फ्रेंचभाषी देशांनीं मिळून काढलेल्या एअर आफ्रिकमध्यें सामील झालें. तींत माली नव्हता. एकाच रुळावर वाढलेलीं दोन शहरें अशा रीतीनें आकाशांतहि दोन घरांत विभागलीं गेलीं. एअर आफ्रिक २००२ सालीं बुडाली. आफ्रिकी देशांनीं आपलीं आकाशें एकमेकांस खुलीं करावीं असा ठराव यामुसुक्रो येथें १९८८ मध्यें झाला, त्याला १९९९ मध्यें अधिक बळकटी आली. परंतु कागदावरील आकाश आणि तिकिटावरील आकाश यांत अंतर राहिलें. ज्या दिवशीं थेट विमान नसेल त्या दिवशीं तिसऱ्या राजधानींतून वळसा घ्यावयाचा, आणि मग पावणेदोन तासांचा अर्धा-पाऊण दिवस व्हावयाचा.

थेट विमान मिळालें तरी पावणेदोन तास हे हवेंतले. डाकारचा जुना विमानतळ शहराला लागूनच होता. डिसेंबर २०१७ मध्यें उतारूंचीं विमानें शहरापासून ४५-५० किलोमीटरांवरील नव्या विमानतळावर नेण्यांत आलीं. बामाकोचा विमानतळ सेनू येथें, शहराच्या दक्षिणेस सुमारें १५ किलोमीटरांवर. मोटारीचा रस्ता, सामानाची तपासणी, पारपत्रावरचा शिक्का हें सर्व धरलें म्हणजे घरापासून घरापर्यंत सहा तासांचा हिशेब करणें बरें. आणखी एक गोष्ट येथें नमूद केल्याखेरीज राहवत नाहीं. डाकारच्या त्या जुन्या विमानतळास सेंगोर यांचें नांव दिलेलें होतें आणि बामाकोच्या विमानतळास मोदिबो केइता यांचें आहे. १९६० च्या ऑगस्टांत ज्या दोघांना एका शहरांत नांदतां आलें नाहीं, त्यांच्या नांवांवर दोन्ही देशांनीं आपापलें आकाशद्वार उभें केलें.

हें द्वारहि २०२२ सालीं बंद झालें. मालींत लष्करानें सत्ता घेतली होती आणि निवडणुका लांबणीवर टाकल्या होत्या. म्हणून पश्चिम आफ्रिकी राज्यांच्या आर्थिक संघानें, जो १९७५ सालीं मुख्यतः माणसांची व मालाची ये-जा सुलभ व्हावी म्हणूनच स्थापन झाला होता, ९ जानेवारी २०२२ रोजीं मालीवर निर्बंध घातले. सभासद राज्यांनीं मालीशीं लागलेल्या जमिनीवरील व आकाशांतील सरहद्दी मिटून घेतल्या. डाकार-बामाको विमानें थांबलीं. मालीच्या बहुतेक आयातीचें दार असलेल्या डाकार बंदराकडून येणाऱ्या मालमोटारी सरहद्दीवर अडकल्या. अन्न, औषधें व इंधन यांना सवलत होती खरी. मालीनें यावेळीं मॉरिटानिया व गिनी यांच्या बंदरांकडे तोंड वळविलें, जसें १९६० सालीं आबिजानकडे वळविलें होतें, आणि जसें २००२ नंतर, आयव्हरी कोस्टमध्यें यादवी माजली तेव्हां, आबिजानकडून पुन्हां डाकारकडे वळविलें होतें. समुद्र नसलेल्या देशाला शेजाऱ्याच्या प्रकृतीवर सतत नजर ठेवून राहावें लागतें. ३ जुलै २०२२ रोजीं निर्बंध उठले. लोकशाहीच्या रक्षणासाठीं ते घातले होते हें मान्य करूनहि, त्या सहा महिन्यांत डाकारच्या रुग्णालयांत असलेल्या नातेवाईकाला भेटावयास निघालेल्या बामाकोच्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला असेल, तें आम्हांस समजत नाहीं. पुढें २९ जानेवारी २०२५ रोजीं माली आपल्या दोन शेजाऱ्यांसह त्या संघांतून बाहेरच पडला.

मध्यंतरीं जून २०२३ मध्यें बामाको-कायेस उतारू गाडी पांच वर्षांच्या खंडानंतर पुन्हां निघाली. त्या ४९४ किलोमीटरांच्या वाटेवर, जेथें गाडी येणारच नाहीं असें धरून चाललें होतें, तेथें लोक रुळांच्या दोन्ही बाजूंस पुन्हां उभे राहिले. कायेसपासून पुढें सुमारें शंभर किलोमीटरांवर फालेमे नदी लागते. तीच मालीची सरहद्द. पलीकडे किदिरा, सेनेगलचें पहिलें स्टेशन. गाडी कायेसलाच थांबली.